स्तनाचा कर्करोग: पहिल्या शस्त्रक्रियेचा हिशेब मुंबईने जाहीर करावा

स्तनातली गाठ काढल्यानंतर आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाती येतो. घरची माणसे त्यात गाठीचा आकार पाहतात, ग्रेड पाहतात, काखेतल्या किती ग्रंथींपर्यंत आजार गेला ते पाहतात. कडांविषयीची ओळ बहुतेकदा वाचायची राहून जाते. त्याच स्तनात आजार परतण्याच्या शक्यतेतला जो भाग सर्जनच्या हातात असतो, तो नेमका या ओळीत नोंदलेला असतो. कडा मोकळ्या नसतील तर पुन्हा टेबलावर जावे लागते, केमो आणि रेडिएशन लांबते, आणि पुष्कळ बायका त्या धास्तीने पूर्ण स्तन काढायला तयार होतात. मुंबईत असे किती जणींच्या वाट्याला येते, कोणत्या रुग्णालयात जास्त आणि कोणत्या कमी, हे रुग्णालय निवडणाऱ्या बाईला कळण्याची आज सोय नाही. ती सोय झाली पाहिजे. पण त्यासाठी एकच आकडा जाहीर करून भागणार नाही, कारण एकटा आकडा इथे हमखास दिशाभूल करतो.

आधी कड म्हणजे काय ते पाहू. सर्जन गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी दिसणारा भाग एकत्र काढतो. त्या तुकड्याचा बाहेरचा पृष्ठभाग म्हणजे कड. तुकडा बाहेर येताच त्याला दिशा दाखवणारे टाके घालायचे असतात. सर्वसाधारण पद्धत अशी की आखूड टाका वरच्या बाजूला आणि लांब टाका काखेकडच्या बाजूला. पॅथॉलॉजिस्ट त्या टाक्यांवरून तुकडा ओळखतो आणि वरची, खालची, काखेकडची, छातीच्या मध्याकडची, त्वचेकडची आणि स्नायूकडची अशा सहा बाजूंना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतो. मग तीन ते पाच मिलिमीटर जाडीचे काप पाडतो आणि त्यांतले निवडक भाग मेणाच्या ठोकळ्यात बसवतो. ठोकळ्यातून चार-पाच मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. शाईच्या रेषेवरच कर्करोगाची पेशी दिसली तर कड बाधित. पेशी शाईपासून दूर असेल तर ते अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचे.

म्हणजे ‘कडा मोकळ्या’ हा निष्कर्ष नमुना पाहून काढलेला असतो. संपूर्ण पृष्ठभाग कोणीच तपासू शकत नाही. म्हणूनच स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेला रेडिएशनची जोड लागते. बर्नार्ड फिशर यांच्या अमेरिकेतल्या बी-06 चाचणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त गाठ काढलेल्यांपैकी 39.2 टक्के बायकांच्या त्याच स्तनात आजार परतला होता. गाठ काढून रेडिएशन दिलेल्यांत हे प्रमाण 14.3 टक्के होते. त्याच वर्षी उम्बेर्तो व्हेरोनेसी यांच्या मिलानमधल्या 701 बायकांच्या चाचणीचेही वीस वर्षांचे आकडे आले. तिथे स्तन वाचवलेल्यांत त्या जागी आजार परतण्याचे प्रमाण 8.8 टक्के आणि पूर्ण स्तन काढलेल्यांत 2.3 टक्के होते. जगण्याचे प्रमाण मात्र दोन्ही चाचण्यांत, स्तन वाचवा वा काढा, सारखेच राहिले. ‘सगळेच काढून टाका, म्हणजे प्रश्न मिटला’ असे आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसे काळजीपोटी म्हणतात. गाठ लहान असताना आणि रेडिएशन मिळणार असताना या सल्ल्याने आयुष्य वाढत नाही, हे वीस-वीस वर्षे पाठपुरावा करून सिद्ध झालेले आहे.

कड किती रुंद हवी यावर सर्जनांत अनेक वर्षे वाद होता. कोणी दोन मिलिमीटर म्हणे, कोणी पाच, कोणी एक सेंटिमीटर. 2014 मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग सर्जनांच्या आणि रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनांनी 33 अभ्यासांतल्या 28,162 बायकांची माहिती एकत्र करून एक शिफारस केली: पहिल्या-दुसऱ्या टप्प्याचा आक्रमक प्रकारचा, म्हणजे नलिकेबाहेरच्या भागात शिरलेला, कर्करोग असेल आणि संपूर्ण स्तनाला रेडिएशन मिळणार असेल, तर शाईवर पेशी नसणे पुरेसे आहे. शाईवर पेशी असतील तर त्याच स्तनात आजार परतण्याचा धोका किमान दुप्पट होतो. पण मोकळी कड आणखी रुंद करत गेल्याने तो धोका आणखी कमी होत नाही. दुग्धनलिकेच्या आतच असलेल्या कर्करोगासाठी, म्हणजे डीसीआयएससाठी, 2016 मध्ये दोन मिलिमीटरची मर्यादा सुचवली गेली. हा आजार नलिकांमधून तुटक पसरतो आणि मधे निरोगी जागा सोडून पुन्हा उगवतो, म्हणून तिथे थोडे जास्त अंतर लागते.

या शिफारशीने हजारो बायकांचे दुसरे ऑपरेशन वाचले. त्याआधी अर्ध्या मिलिमीटरच्या मोकळ्या कडेसाठीही पुन्हा टेबलावर घेतले जायचे आणि दुसऱ्या खेपेला काढलेल्या भागात अनेकदा कर्करोग सापडतच नसे. मात्र 2022 मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात 68 अभ्यासांतल्या 1,12,140 रुग्णांचे विश्लेषण आले आणि चर्चा पुन्हा उघडली. तोवर सगळे त्याच स्तनातल्या आजाराकडे पाहत होते. या विश्लेषणाने शरीरात इतरत्र आजार पसरण्याकडे पाहिले. शाईवर पेशी असलेल्यांत दूरवर पसरण्याचा धोका मोकळी कड असलेल्यांच्या 2.1 पट निघाला, त्याच जागी परतण्याचा जवळजवळ दुप्पट. किमान एक मिलिमीटर अंतराचे ध्येय ठेवावे, असे लेखकांनी सुचवले.

हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. ज्यांच्या कडा बाधित निघतात त्यांचा आजार मुळातच मोठा, विखुरलेला किंवा वेगाने वाढणारा असण्याची शक्यता जास्त असते, आणि हा घोळ आकडेमोडीने पूर्ण सुटत नाही. माझ्या मते यातून एवढे घ्यावे: सर्जनने टेबलावर एक मिलिमीटरचे ध्येय ठेवूनच काढावे. पण रिपोर्टात 0.6 मिलिमीटर आले म्हणून आपोआप दुसरे ऑपरेशन ठरवू नये. ती कड कोणत्या बाजूची, शाईजवळ आलेल्या पेशी एकाच ठिकाणी आहेत की लांबवर, सोबत डीसीआयएस किती, बाईचे वय काय, रेडिएशनचा वाढीव डोस मिळणार का, हे एकत्र पाहावे. त्वचेकडची कड जवळ आली असेल आणि सर्जन त्वचेपर्यंत पोहोचलेलाच असेल, तर तिथे काढायला आणखी काही उरलेले नसते. स्नायूकडच्या बाजूला स्नायूवरचे आवरण काढलेले असेल तरी तेच. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनची किंवा हर-2 प्रथिनाविरुद्धची औषधे लागू न पडणाऱ्या, आजारात धोका जास्त असतो म्हणून कड रुंद घेण्याचा मोह होतो. तो धोका आजाराच्या स्वभावातून येतो, रुंद कडेने कमी होत नाही. पण शाईवर पेशी असतील तर मतभेदाला जागा नाही. तिथे ‘रेडिएशनने बघून घेऊ’ हे उत्तर चालणार नाही. वाढीव डोस हा मोकळ्या कडेनंतरचा जास्तीचा बंदोबस्त आहे. युरोपातल्या 5,318 बायकांच्या चाचणीत 16 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे एकक) वाढीव डोसने वीस वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण 16.4 वरून 12 टक्क्यांवर आले. पण तिथे जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि राहिलेला आजार काढायचे काम डोस करील असे ती चाचणी सांगत नाही.

आता दुसऱ्या ऑपरेशनचे परिणाम. वेळेत आणि नीट केलेले दुसरे ऑपरेशन बाईचे नुकसान भरून काढते: कडा मोकळ्या झाल्या की त्याच स्तनात आजार परतण्याचा धोका पहिल्याच खेपेला मोकळ्या कडा मिळालेल्यांच्या जवळपास येतो. म्हणून दुसरे ऑपरेशन सुचवणारा सर्जन वाईट, असे समजणे चुकीचे आहे. बाधित कड दिसूनही गप्प बसणारा जास्त घातक. खरी किंमत वेगळीकडे मोजावी लागते. पहिल्या ऑपरेशननंतरचे दोन ते चार आठवडे रिपोर्ट, चर्चा आणि तारीख मिळवण्यात जातात, मग पुन्हा जखम भरण्याची वाट. शस्त्रक्रियेनंतर केमो सुरू व्हायला 90 दिवसांहून जास्त वेळ लागला तर जगण्याचे प्रमाण घटते, आणि ट्रिपल निगेटिव्ह आजारात ही घट अधिक असते, हे कॅलिफोर्नियातल्या रुग्णनोंदणीच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जिथे केमो तातडीची आहे तिथे ती आधी देऊन फेरशस्त्रक्रिया केमोनंतर, पण रेडिएशनच्या आधी, करता येते. हा पर्याय रुग्णाला सांगितला जायला हवा.

मुंबईत या किमतीत आणखी भर पडते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचारासाठी विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेल्या कुटुंबाला दुसरे ऑपरेशन म्हणजे आणखी महिनाभराचा मुक्काम. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर भाड्याची खोली किंवा फुटपाथ. सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते. यात स्तनाचा आकार आणखी बिघडतो तो वेगळाच, आणि त्याची तक्रार करायला आपल्या बायका लाजतात.

मग कड बाधित का निघते? कारणे दोन प्रकारची. काही आजारातलीच असतात. लोब्युलर, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींशी निगडित, प्रकारात पेशी एकामागोमाग एक रांगेत पसरतात, गाठ हाताला बोटभर लागते आणि आजार तळहाताएवढा निघतो. डीसीआयएस हाताला लागतच नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या 55,297 बायकांच्या माहितीवर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचातल्या एकीचे पुन्हा ऑपरेशन झाले होते. डीसीआयएस असलेल्यांत प्रमाण 29.5 टक्के आणि फक्त आक्रमक आजार असलेल्यांत 18 टक्के होते. केमो आधी दिली असेल तर गाठ एकसंध न आटता तुकड्या-तुकड्यांत उरते. केमोच्या आधी गाठीत टायटॅनियमची बारीक क्लिप बसवली नसेल आणि गाठ पूर्ण विरघळली, तर सर्जनला नेमके कुठले काढायचे हेच कळत नाही. क्लिप बसवायला पाच-दहा मिनिटे लागतात. ती राहून जाते याचे कारण बहुतेकदा एवढेच की केमो लिहिणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आधी एकमेकांशी बोललेले नसतात.

दुसऱ्या प्रकारची कारणे ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या वाटेवर असतात, आणि ती टाळता येतात. स्तनाचा तुकडा चरबीचा असतो. ट्रेमध्ये ठेवल्यावर तो गरम भाकरीवरच्या लोण्याच्या गोळ्यासारखा पसरतो आणि चपटा होतो. मग शरीरात आठ मिलिमीटर असलेले अंतर प्रयोगशाळेत दोनच भरते. एक्स-रेसाठी तुकडा दोन पट्ट्यांत दाबला तर हे आणखी बिघडते, म्हणून दाब न देता फोटो काढावा. टाके घातले नाहीत, किंवा घातले पण अर्जावर त्यांचा अर्थ लिहिला नाही, तर पॅथॉलॉजिस्टला बाधित कड दिसते पण ती कोणत्या बाजूची हे सांगता येत नाही. मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये सगळ्याच बाजू कापाव्या लागतात. शाई लावण्यापूर्वी पृष्ठभाग कोरडा केला नाही तर ती फटींमधून आत झिरपते आणि मोकळी कड बाधित भासते. गाठीच्या मधोमध कोणी चीर देऊन ‘जरा बघितले’ असेल तर तुकडा तपासणीसाठी जवळपास वाया गेला. फॉर्मालिन 10 टक्क्यांचे, बफर मिसळलेले आणि तुकड्याच्या दहापट हवे, आणि तुकडा शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात त्यात पडायला हवा. आपल्याकडे लहान नर्सिंग होममध्ये तो छोट्या बरणीत कोंबला जातो, ती बरणी पिशवीत घालून नातेवाइकाच्या हाती देतात आणि तो लोकलने प्रयोगशाळेत नेतो. मधली चरबी तोवर कुजायला लागलेली असते. अशा तुकड्यावर कडांचा निष्कर्ष तर डळमळीत होतोच, पुढची औषधे ठरवणाऱ्या हार्मोन रिसेप्टर आणि हर-2 च्या तपासण्याही खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात.

थिएटरमधले उपाय महागडे नाहीत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठाच्या चाचणीत 235 रुग्णांत सर्जनने नेहमीप्रमाणे गाठ काढल्यावर चिठ्ठ्या टाकून निम्म्या जणींच्या पोकळीच्या सगळ्या भिंतींवरून आणखी एक पातळ थर काढला. बाधित कडांचे प्रमाण 34 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आले आणि दुसऱ्या ऑपरेशनचे 21 वरून 10 टक्क्यांवर. याला नवे यंत्र लागत नाही, फक्त प्रत्येक थर वेगळ्या बरणीत बाजूचे नाव लिहून पाठवावा लागतो, आणि त्यामुळे पॅथॉलॉजीचे काम वाढते. हाताला लागणाऱ्या गाठींसाठी नेदरलँड्समध्ये 134 रुग्णांवर झालेल्या चाचणीत थिएटरमध्ये सोनोग्राफीने पाहत गाठ काढली तर 97 टक्के बायकांच्या कडा मोकळ्या आल्या. नुसत्या बोटांच्या अंदाजाने काढलेल्यांत 83 टक्के. आपल्याकडे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची जागा, नोंदणी आणि ते चालवणाऱ्या डॉक्टरची पात्रता यांचे नियम कडक आहेत, आणि ते योग्यच आहेत. त्यांची आधी पूर्तता करून रेडिओलॉजिस्टला थिएटरमध्ये बोलावणे मोठ्या रुग्णालयाला अवघड नसावे. याउलट शस्त्रक्रियेपूर्वी सगळ्यांचा एमआरआय काढल्याने फायदा होत नाही. ब्रिटनच्या 1,623 बायकांच्या चाचणीत एमआरआय काढलेल्या आणि न काढलेल्या दोन्ही गटांत दुसऱ्या ऑपरेशनचे प्रमाण 19 टक्केच राहिले. निवडक रुग्णांना, विशेषतः लोब्युलर आजारात, तो उपयोगी पडतो; पण ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून प्रत्येकीच्या माथी हा खर्च मारू नये.

भिंतींचे थर काढून झाल्यावर पोकळीत चार ते सहा क्लिपा बसवायच्या. रेडिएशनवाल्याला वाढीव डोस कुठे द्यायचा ते त्यावरूनच कळते. ऑन्कोप्लास्टी करून उरलेले स्तन हलवून आकार नीट करायचा असेल, तर हलवण्याच्या आधी क्लिपा बसवणे सक्तीचे मानावे. नाहीतर आठ दिवसांनी कड बाधित आल्यावर ती बाजू आता स्तनात कुठे सरकली आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि वाचवता आले असते ते स्तन काढावे लागते.

मोठ्या रुग्णालयातल्या बाधित कडेपेक्षा मला जास्त चिंता वाटते ती आंधळेपणाने काढलेल्या गाठीची. गाठ दिसली, सोनोग्राफी झाली, ‘साधीच वाटते, काढून टाकू’ म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये भूल देऊन काढली. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणारी कोअर बायोप्सी नाही, मॅमोग्राफी नाही, टाके नाहीत. पुढे रिपोर्ट कर्करोगाचा येतो आणि बाई परळला पोहोचते. तिथे तिच्या हातात असते एक व्रण, एका ओळीचा रिपोर्ट आणि कधीकधी मेणाचे ठोकळेही नाहीत. अशा बाईचे दुसरे ऑपरेशन कड बाधित आहे म्हणून होत नाही. कडेविषयी काहीच माहिती नाही म्हणून होते.

तिने गमावलेले याहून मोठे असू शकते. हर-2 पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह आजार, गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी किंवा काखेत ग्रंथी असेल, तर आज केमो आधी देण्याला प्राधान्य आहे. केमोने गाठ किती आटली यावर पुढचे औषध ठरते. हर-2 पॉझिटिव्ह आजार केमोनंतर उरलेला असेल, तर ट्रास्टुझुमॅब या औषधाऐवजी टी-डीएम1 हे औषध दिल्याने आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका निम्म्यावर येतो, हे 2019 च्या कॅथरिन चाचणीने दाखवले. गाठ आधीच काढून टाकलेली असेल तर केमोला ती कशी प्रतिसाद देते हे पाहायला काही उरतच नाही. चौदा गेजच्या सुईने, जागेवर भूल देऊन, वीस मिनिटांत होणारी कोअर बायोप्सी न केल्याने ही वाट बंद होते. बायोप्सीने आजार पसरतो ही भीती अजून जिवंत आहे. तिच्यामुळे बायका सुईला नको म्हणतात आणि सुरीला होकार देतात. डॉक्टरने या भीतीला मान तुकवू नये. सुईने आजाराचा टप्पा वाढत नाही हे समजावून सांगण्यात गेलेली दहा मिनिटे त्या बाईला पुढे पुष्कळ उपयोगी पडतात.

कोणी म्हणेल, हे डॉक्टरांचे आपापसातले काम, यात सार्वजनिक प्रश्न कुठे आला? पैसा सार्वजनिक आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून या शस्त्रक्रियांचे पैसे जातात, उरलेले आरोग्य विमा कंपन्यांकडून, म्हणजे लोकांच्याच हप्त्यांतून. पैसे देणाऱ्याला अट घालता येते. चाळीस वर्षांवरच्या बाईची घट्ट गाठ कोअर बायोप्सीच्या रिपोर्टशिवाय काढली तर त्या पॅकेजची रक्कम मिळणार नाही, ही पहिली अट घालावी. रिपोर्टात सहाही बाजूंचे अंतर मिलिमीटरमध्ये नसेल तर रिपोर्ट अपूर्ण मानावा, ही दुसरी. मुंबईतली नर्सिंग होम महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, 1949 खाली महापालिकेकडे नोंदतात. खाटा, जागा, कर्मचारी याची पाहणी तिथे होते. काढलेल्या अवयवाच्या तुकड्याचे काय झाले, याची व्हायला हवी. प्रत्येक तुकडा तपासणीला गेला का, कोणत्या प्रयोगशाळेत, किती तासांनी, हे एका वहीत सापडले पाहिजे.

आणि आकडे. कर्करोगाची मोजदाद करण्यात देशात मुंबई पहिली आहे: इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये इथे लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली, तशी भारतातली ती पहिलीच. साठ वर्षे किती जणांना झाला हे मोजणाऱ्या शहराला पहिल्याच ऑपरेशनात किती जणींचा आजार नीट निघाला हे मोजणे जड जाऊ नये. युरोपातल्या स्तनरोग तज्ज्ञांच्या युसोमा या संघटनेने त्यासाठी पट्टी घालून दिलेली आहे: आक्रमक कर्करोगात किमान 80 टक्के बायकांचे काम एकाच ऑपरेशनात व्हावे, ध्येय 90, डीसीआयएसमध्ये किमान 70.

यावर सर्जनांचा सर्वांत सबळ आक्षेप असा की दुसऱ्या ऑपरेशनचा आकडा जाहीर करायला लावला तर लोक तो कमी दाखवण्यासाठी वाट्टेल ते करतील. ते खरे आहे. आकडा कमी करायचे दोन सोपे मार्ग आहेत: जास्त स्तने पूर्ण काढा, किंवा वाचवताना मूठभर जास्त मांस काढा. तिसरा मार्ग याहून वाईट, बाधित कड दिसली तरी दुसरे ऑपरेशन करूच नका. म्हणून तीन आकडे एकत्र हवेत. पहिला: स्तन वाचवता येण्याजोग्या बायकांपैकी किती जणींचे वाचवले. दुसरा: वाचवलेल्यांपैकी किती जणींच्या कडेवर पहिल्या खेपेला शाईपाशी पेशी होत्या. तिसरा: वाचवलेल्यांपैकी किती जणींचे पुन्हा ऑपरेशन झाले. पहिला आकडा घसरला आणि तिसरा कमी झाला तर रुग्णालय स्तने काढून आकडा सजवते आहे हे दिसेल. दुसरा चढा आणि तिसरा नगण्य असेल तर बाधित कडा सोडून दिल्या जात आहेत. सोबत काढलेल्या तुकड्याचे सरासरी वजन ग्रॅममध्ये दिले तर जास्त मांस काढण्याची पळवाटही बुजते. बाहेर आंधळेपणाने गाठ काढून आलेल्या बायका वेगळ्या रकान्यात मोजाव्यात, कारण तो दोष त्या रुग्णालयाचा नसतो. पण त्यांची संख्या कळणे शहराला गरजेचे आहे.

दुसरा आक्षेप संख्येचा. वर्षाला वीस शस्त्रक्रिया करणाऱ्या ठिकाणी चार फेरशस्त्रक्रिया आणि सहा फेरशस्त्रक्रिया यांत अर्थपूर्ण फरक नसतो, पण टक्केवारीत तो 20 विरुद्ध 30 दिसतो आणि बातमी होते. म्हणून आकडे सर्जनच्या नावाने देऊ नयेत, रुग्णालयाच्या नावाने द्यावेत, आणि सलग तीन वर्षांची बेरीज करून. वर्षाला फारच थोड्या शस्त्रक्रिया होत असतील तर तेवढेच लिहावे. बाईला निवड करताना तीही माहितीच आहे.

रेडिएशनच्या लांबलचक वाऱ्यांमुळे बाहेरगावच्या बायका स्तन काढणे पसंत करतात, त्यामुळे पहिला आकडा घसरेल, असेही म्हटले जाते. पूर्वी रोज एक असे पाच-सहा आठवडे यावे लागे. आता 15 खेपांत 40 ग्रेचा तीन आठवड्यांचा उपचार प्रस्थापित आहे, आणि 2020 च्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर निवडक रुग्णांत आठवड्याभरात पाच खेपांत 26 ग्रेचाही. हा पर्याय शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत सांगितला गेला, तर पुष्कळ जणींचा निर्णय बदलेल.

सुरुवात महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांपासून व्हावी, केईएम, नायर आणि सायनपासून. तिथे ऑपरेशन थिएटरची वही आहे, पॅथॉलॉजीचे रजिस्टर आहे, आणि रुग्णाच्या नोंदणी क्रमांकाने दोन्ही जोडता येतात. लागतो तो पॅथॉलॉजीच्या अर्जावर एक नवा रकाना, ज्यात सर्जनने टाक्यांचा अर्थ आणि हे पहिले ऑपरेशन की फेरशस्त्रक्रिया एवढे लिहायचे, आणि रिपोर्टाच्या साच्यात सहा रिकाम्या जागा, मिलिमीटरसाठी. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कर्करोग केंद्रांच्या जाळ्याचे समन्वयन 2012 पासून टाटा मेमोरियलमधूनच चालते. तोच साचा ग्रिडने स्वीकारला तर ठाण्याच्या किंवा नाशिकच्या रिपोर्टाशी मुंबईचा रिपोर्ट ताडून पाहता येईल. तोवर ज्या बाईची शस्त्रक्रिया ठरली आहे तिने तीन गोष्टी मागाव्यात: ऑपरेशनच्या आधी कोअर बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशननंतर सहा बाजूंची अंतरे, आणि घरी जाताना मेणाचे ठोकळे कोणत्या प्रयोगशाळेत कोणत्या क्रमांकाखाली ठेवले आहेत याची चिठ्ठी.